आभाळाचं जोशीवतन

गावगाड्यात दोन वतनं होती. एक महाराचं, एक जोशाचं. महारानं मेलेलं ढोर ओढायचं, वेस राखायची, सांगावा घेऊन ऊनपाऊस न बघता पळायचं. जोशानं ओसरीवर बसून आभाळ वाचायचं. पेरणी कधी, लग्न कधी, बारसं कधी, कुणाला कुठला ग्रह लागला आणि त्याची शांत किती रुपयांची. आमच्या वाट्याला जमिनीवरचं सगळं मेलेलं आलं. त्याच्या वाट्याला अख्खं आभाळ गेलं.

जमिनीच्या वाटणीवर आपण मोर्चे काढले, तुरुंगात गेलो. आभाळाच्या वाटणीवर बोलणारे मात्र फार थोडे. मला त्यावर बोलायचंय. मी गोदीत हमाली करतो. शिक्षण मॅट्रिक. गाव सोमाटणे, तालुका मावळ. गोदीतून भरून दिलेले बॉक्स ट्रेलरवर बसून आमच्या फाट्यावरून पुण्याकडे जातात, आणि सुट्टीला मी त्याच रस्त्यानं गावी येतो. कविता करतो. खगोलशास्त्रावर बोलायचा तुला काय अधिकार, असं कुणीतरी विचारणारच. तो अधिकार कुणी कुणाला वाटून दिला, हाच तर मुद्दा आहे.

पहिला घाव घातला जोतीराव फुल्यांनी. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं. त्यात जोशी एका कुणब्याच्या घरी येतो. बाई पोटुशी आहे. जोशी तिला ग्रहांची भीती घालतो आणि त्या भीतीवर ते घर धुऊन नेतो. कुणब्याच्या घरात पोथी नाही म्हणून आभाळात काय चाललंय ते त्याला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून तो भितो. सगळा धंदा या एका अडाणीपणावर उभा. पुढं १८८० च्या दशकात जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला सत्यशोधक बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न ब्राह्मणाला न बोलावता लावलं. जोशांनी दावा ठोकला. का? तर आमचा हक्क बुडाला. लग्न तुमचं, पोरं तुमची, पण मुहूर्ताची दक्षिणा आमचं वतन. खटला हायकोर्टापर्यंत गेला आणि शेवटी पाटलाच्या बाजूनं लागला. आभाळ ही जोशाच्या मालकीची वस्तू आहे, असा दावा माणसं कोर्टात करत होती. फार जुनी गोष्ट नाही ही, दोस्तहो.

आता त्याच काळातल्या शास्त्रज्ञांकडं बघू. मी कुणाचं श्रेय नाकारणार नाही. केरो लक्ष्मण छत्रे पुण्यात गणित शिकवायचे. पंचांगातले ग्रह आणि आभाळातले ग्रह एका जागी नाहीत, हे त्यांनी ओळखलं आणि १८६० च्या दशकात सुधारलेलं पंचांग आणलं. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे मूळचे कोकणातल्या मुरुडचे, पेशानं शिक्षक. १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ निघाला. पोथ्यांमध्ये काय आहे, काय नाही, कुठलं कधीचं, हे त्यांनी मराठीत उघडं करून ठेवलं. मराठीत, हे लक्षात घ्या. व्यंकटेश बापूजी केतकरांनी नेपच्यूनच्या पलीकडे आणखी ग्रह असावा असं गणित मांडून १९११ साली फ्रान्समध्ये छापलं. प्लूटो सापडला १९३० साली.

ही मोठी माणसं होती. पण त्यांनी पंचांगाची चूक दुरुस्त केली, पंचांगाची सत्ता नाही. ग्रह जागेवर आले, जोशीही जागेवरच राहिला. काटा दुरुस्त केला म्हणून तराजू काही वाण्याच्या हातातून सुटत नाही.

पुण्यात दुर्बीणही आली होती. कावसजी दादाभाई नेगमवाला हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या पैशातून त्यांनी १८८८ च्या सुमारास वेधशाळा उभारली. २० इंची दुर्बीण, त्या वेळी हिंदुस्थानातली सर्वांत मोठी. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास ग्रहण झालं तेव्हा नेगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तंबू ठोकून बसले आणि सूर्याच्या कडेचा उजेड त्यांनी यंत्रात फोडून तपासला. त्याच ग्रहणात बाकीचा महाराष्ट्र काय करत होता? पाणी ओतून देत होता, पोटुशा बायांना कोंडून ठेवत होता, आणि ग्रहण सुटलं की दान मागायला आमचीच माणसं हाका घालत गावातून फिरत होती. १९१२ साली नेगमवाला निवृत्त झाले. वेधशाळा बंद पडली, यंत्रं कोडाईकनालला गेली. पुण्यातून दुर्बीण गेली. पंचांग राहिलं.

पंचांगाला खरा धक्का दिला तो महाराष्ट्राबाहेरच्या माणसानं. मेघनाद साहा. १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात जन्म, बाप छोटा किराणा दुकानदार, जात खालची मानलेली. तो दलित होता असं मी ओढूनताणून म्हणणार नाही. पण कलकत्त्याच्या हिंदू हॉस्टेलात वरच्या जातींच्या पोरांनी त्याला पंगतीला बसू दिलं नाही, हे खरं आहे. आणि त्याच पोरानं १९२० साली असं समीकरण मांडलं की ताऱ्याच्या उजेडावरून ताऱ्याचं तापमान किती, तिथला अणू किती फुटलेला, हे सांगता यायला लागलं. आज जगातला कुठलाही खगोलशास्त्रज्ञ त्या समीकरणाशिवाय पुढं जात नाही. पंगतीतून उठवलेल्या माणसाच्या गणितानं जग तारे वाचतं.

पुढं १९५२ साली सरकारनं देशभरातल्या पंचांगांचा घोळ निस्तरायला समिती नेमली. अध्यक्ष साहा. समितीनं हिशोब केला. जुन्या सिद्धांतातलं वर्ष ऋतूंच्या खऱ्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी लांब. चौदाशे वर्षांत ही मिनिटं साठत साठत २३ दिवस झाले. म्हणून सूर्य उत्तरेकडं वळतो २२ डिसेंबरला आणि आपण तिळगूळ वाटतो १४ जानेवारीला. तेवीस दिवस चुकलेल्या आभाळावर हे लोक आपल्या लग्नाची घटिका पळापर्यंत काढून देत होते! समितीचा अहवाल १९५५ साली आला. साहा १९५६ साली गेले. २२ मार्च १९५७ पासून देशाची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. रेडिओ आणि राजपत्र ती तारीख सांगतात. आपल्या भिंतीवर मात्र अजून कुणाचं कॅलेंडर असतं, ते घरी जाऊन बघा. त्यात राहुकाळ आहे का, तेही बघा.

आता जयंत नारळीकर. १९३८ साली कोल्हापूरला जन्म, २० मे २०२५ ला पुण्यात गेले. केंब्रिजला फ्रेड हॉईलबरोबर १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. विश्व एका स्फोटातून झालं हे सगळं जग मानत असताना ते मानायला नाही म्हणाले. जगानं त्यांचं ऐकलं नाही. तरी ते शेवटपर्यंत गणितानं भांडत राहिले. १९७२ साली मुंबईत परत आले, १९८८ साली पुण्यात आयुका उभी केली. विज्ञानाच्या गोष्टी मराठीत लिहिल्या. वडील बनारसला गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृत शिकलेली. घरात फळा होता. त्यावर मामा अवघड गणित लिहून ठेवायचे आणि पोरानं ते सुटेपर्यंत झुंजायचं. यात त्यांचा काही गुन्हा नाही. पण आपल्यापैकी किती जणांच्या घरात फळा होता? माझ्या घरात भिंत होती. तीही सामाईक.

मला नारळीकरांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते दुसरंच. २००१ साली विद्यापीठांत फलज्योतिष शिकवायचा घाट सरकारनं घातला, तेव्हा ते उघड विरोधात उभे राहिले. नुसतं भाषण करून थांबले नाहीत. २००८ साली नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी चाचणी घेतली. २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना म्हणाले, प्रत्येकी चाळीस घ्या आणि कुठली कुणाची ते सांगा. उत्तर पाठवणारे ज्योतिषी निघाले २७. बरोबर उत्तरांची सरासरी आली ४६ टक्के. रुपया वर फेकला असता तर ५० आले असते. फुल्यांनी १८५५ साली नाटकात जे सांगितलं, त्यावर दीडशे वर्षांनी आकड्याचा शिक्का बसला. आणि दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या. आभाळ मोकळं करण्याची किंमत या राज्यात काय आहे, हे त्यावरून समजा.

आता थोडं घरातलं बोलतो. झोंबेल. झोंबू दे.

आमच्या बाजूच्या वस्तीतली एक पोरगी. बी. कॉम. झालेली, नोकरीला लागलेली. स्थळ आलं. आपलंच, बौद्ध. घरात बाबासाहेबांचा फोटो, दारावर निळा झेंडा. बोलणी झाली, साखर वाटायची बाकी. मग पोराच्या मामानं हळूच पत्रिका मागितली. पत्रिकेत मंगळ निघाला. स्थळ मोडलं. मी त्या मामाला विचारलं, मामा, दीक्षा कधीची तुमची? म्हणाला, बाबासाहेबांच्या वेळची, माझ्या बापाची. मग हे काय? तो म्हणाला, बघायला काय जातंय!

बघायला काय जातंय? पोरीचं आयुष्य जातंय. आमच्या गावापासून हाकेवर देहूरोड आहे. तिथं बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला स्वतःच्या हातानं बुद्धाची मूर्ती बसवली. त्या बुद्धाचं म्हणणं दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात आहे. ग्रहणं, नक्षत्रं, शुभ-अशुभ सांगून पोट भरणं ही हलकी विद्या, भिक्खूनं त्यात पडू नये. अडीच हजार वर्षांपूर्वी जे सुटलं, ते आपण मुहूर्ताच्या पिशवीत घालून परत घरी आणतोय. जोशाचं वतन कायद्यानं कधीच बुडालं. आता ते आपल्या डोक्यात चालू आहे, आणि तिथं त्याला दक्षिणाही आपणच देतोय.

त्या मामाला मी मंगळाची गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. २४ सप्टेंबर २०१४ ला आपलं यान मंगळाभोवती फिरायला लागलं. खर्च सुमारे ४५० कोटी. मंगळ म्हणजे गंजलेल्या लोखंडाच्या धुळीचा थंड गोळा, म्हणून लाल दिसतो. आणि १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं एक यान मंगळावर उतरायला निघालं, तेव्हा त्याचा अगदी क्षीण आवाज पृथ्वीवर कुणी पकडला? खोडदनं. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या, नारायणगावाजवळच्या खोडदनं. यान आपटून फुटलं, पण उतरतानाचा त्याचा सांगावा खोडदच्या तारांनी ऐकला. तालुका जुन्नर. म्हणजे ओतूरचाच, जिथं जोशांनी आभाळाच्या हक्काचा दावा ठोकला होता.

एका २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मी तिथं गेलो होतो. त्या दिवशी सगळ्यांना सोडतात. शाळांच्या पोरांनी मैदान भरलेलं. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा मधल्या भागात जवळजवळ, बाकीच्या सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. मी एका तबकडीखाली उभा राहिलो आणि बघतच राहिलो. पत्रा नाहीच! नळ्यांचा सांगाडा, त्यात ताणलेले तारेचे दोर, आणि दोरांवर बारीक तारेची जाळी. वायर रोप! ज्याच्यावर आमचं पोट आहे, तेच. दोर कुठं ताणायचा, कुठं ढिला ठेवायचा, झोळ किती द्यायचा, हे आमच्या टोळीतल्या म्हाताऱ्याला झोपेत कळतं. ज्या लहरी ऐकायच्या त्या वीतभरापासून काही मीटरांपर्यंत लांब. तेवढ्या लहरीला जाळीची बोटभर भोकं दिसत नाहीत, ती पत्र्यावरून परतावी तशी परतते. वारा मात्र भोकातून निघून जातो. वारा अडत नाही म्हणून सांगाडा हलका, हलका म्हणून लोखंड कमी, लोखंड कमी म्हणून गरीब देशाला परवडतं.

ही युक्ती गोविंद स्वरूप यांची आणि त्यांच्याबरोबरच्या इंजिनियरांची. स्वरूप जन्मानं उत्तर प्रदेशचे, पण काम इथलं. १९६५ साली त्यांनी ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या ३२ जुन्या छोट्या तबकड्या आपल्या कल्याणला लावल्या आणि सूर्य ऐकला. लोकलला लोंबकळत आपण रोज ज्या कल्याणहून जातो, तेच कल्याण. मग उटी, मग खोडद. २०२० साली ते पुण्यात गेले.

खोडदला मला जे कळलं ते असं. खगोलशास्त्र म्हणजे डोळे मिटून केलेलं चिंतन नाही. ते दोर, जाळी, वेल्डिंग, खांब, खड्डा असं अंगमेहनतीचं काम आहे. वसंत गोवारीकर हे पुण्यात जन्मलेले. रॉकेटचं घन इंधन देशात तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ नं उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा थुंबाच्या विक्रम साराभाई केंद्राचे ते संचालक होते. त्यांचं नाव पुस्तकात आहे, असावंच. पण ज्या पोलादी नळकांड्यात ते इंधन भरतात, तसली नळकांडी इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनतात. इस्रोचं विकास इंजिन विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतं. तिथले फिटर, वेल्डर, टर्नर कोण आहेत? विक्रोळी, कन्नमवार नगर, घाटकोपर इथं राहणारे वाचक हे पान वाचत असतील. तुमचा बाप, तुमचा काका. आणि ज्या श्रीहरिकोटा बेटावरून रॉकेट उडतं, तिथं आधी यानादी आदिवासी राहत होते. बेट घेतलं, माणसं हटवली. चंद्रावर जाताना पहिलं पाऊल कुणाच्या अंगणात पडलं, हेही इतिहासात लिहायला पाहिजे.

हात आमचे, अंगण आमचं. मग हक्क?

इथं नवं जोशीवतन सुरू होतं. १९७५ साली केंद्र सरकारनं हुकूम काढला. संशोधन करणाऱ्या आणि संशोधन चालवणाऱ्या वैज्ञानिक पदांपैकी, वर्ग एकच्या सगळ्यात खालच्या पायरीच्या वरची पदं आरक्षणातून सोडवता येतील. म्हणजे उंबऱ्याच्या आत या, पण माडीवर नको. २००६ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशांच्या आरक्षणाचा कायदा झाला. त्याला एक यादी जोडली, या संस्थांना हा कायदा लागू नाही म्हणून. २०१९ साली प्राध्यापकांच्या जागांच्या आरक्षणाचा कायदा झाला. त्यालाही यादी जोडली. यादीत कोण? मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, जिच्या ताब्यात खोडद आहे. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, जिथून आपला अंतराळ कार्यक्रम वाढला. तिरुवनंतपुरमची स्पेस फिजिक्स लॅबोरेटरी. आभाळ वाचणाऱ्या संस्था वेचून वेचून बाजूला काढल्या. कारण काय दिलं? गुणवत्ता. ओतूरचा जोशी तरी सरळ होता. तो म्हणाला, माझा हक्क बुडाला. हे म्हणतात, विज्ञान बुडेल.

साहा आत आला तेव्हा विज्ञान बुडालं का?

आपल्यातलेच काही लढाऊ मित्र म्हणतात, रॉकेटं कसली सांगतोस, माणूस गटारात उतरून मरतोय, आधी भाकर बोल. गटारातल्या मरणाची चीड मलाही आहे. ते थांबलंच पाहिजे. पण भाकर की आभाळ, यातलं एकच निवड, असं आपल्यालाच का सांगतात? त्यांच्या पोरांना कुणी सांगत नाही. जो समाज नुसती भाकर मागतो, त्याला नुसती भाकरच मिळते, तीही शिळी. आपण आपल्याच तोंडानं म्हणालो की आभाळ आमचं काम नव्हे, तर जोशाला तरी दुसरं काय पाहिजे होतं?

म्हणून माझं सांगणं एवढंच.

आपल्या लग्नात पत्रिका मागणाऱ्या घरात पोरगी द्यायची नाही, मग घर कितीही पैसेवालं असो. प्रत्येक विहाराच्या भिंतीवर एक काळा फळा लावायचा आणि रविवारी वंदनेनंतर दोन तास गणित. शिकवायला वस्तीतली इंजिनियरिंगची पोरं आहेत, त्यांना धरून आणायचं. २८ फेब्रुवारीला एक तरी टेम्पो भरून पोरं खोडदला न्यायची. आणि ज्यांना अर्ज लिहिता येतो त्यांनी माहितीच्या अधिकारात या संस्थांना विचारायचं, तुमच्या शास्त्रज्ञांत अनुसूचित जातीचे किती, जमातीचे किती, कुठल्या पायरीवर किती. उत्तर आलं की याच पानावर छापू. नाही आलं तर तेही छापू.

महार वतनाविरुद्धचं बिल बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात आणलं ते १९२८ साली. वतन मोडलं ते १९५८ च्या कायद्यानं. तीस वर्षं लागली. त्या यादीलाही तेवढी लागतील असं धरून चाला, आणि पहिला अर्ज याच महिन्यात टाका.